तिशी-चाळिशीत एमबीबीएस: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची मेकॅनिकल इंजिनिअर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आठ वर्षं क्वालिटी विभागात होते. २०१९ ला पहिल्यांदा नीट, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, दिली, हुकली. २०२० ला दुसऱ्यांदा दिली आणि एकतिसाव्या वर्षी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागले. हे कळल्यापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे कितीतरी लोक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाची सगळी उत्तरं इथं लिहून ठेवते. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायचीच.

१. माझं वय ३४ आहे. नीटला वयाची अट आहे ना?

नाही. किमान वयाची अट आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत. कमाल वयाची नाही, आणि किती वेळा परीक्षा द्यायची यालाही मर्यादा नाही.

लोकांच्या डोक्यात २५ चा आकडा बसलाय तो उगाच नाही. २०१७ मध्ये खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटांसाठी ३० अशी मर्यादा आणली होती. प्रकरण कोर्टात गेलं. मी फॉर्म भरला तेव्हा पंचविशीपुढच्यांची उमेदवारी 'कोर्टाच्या निकालाच्या अधीन राहून' होती, म्हणजे अभ्यास करायचा आणि निकाल उलटा लागला तर काय, हेही मनात बाळगायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कमाल वयोमर्यादा न ठेवण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो जाहीर झाला. तुम्हाला ती टांगती तलवार नाही. एक अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

२. बारावीला गणित घेतलं होतं, बायोलॉजी नव्हतं. माझा विषय संपला का?

पूर्वी संपायचा. २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनं आयोगानं दार उघडलं: बारावी झाल्यानंतरसुद्धा मान्यताप्राप्त मंडळातून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून देता येतो आणि तो नीटसाठी धरला जातो. मुक्त विद्यालयाची बारावीही चालते. बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, हा एक विषय देतात.

दोन गोष्टी सांभाळा. प्रॅक्टिकल टाळू नका, कारण पास होण्यासाठी तेही लागतं. आणि अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. का, ते प्रश्न ९ मध्ये.

कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी असं सगळंच नव्यानं करावं लागेल. बंदी नाही, पण त्यात एक वर्ष जातं आणि ते हिशेबात धरा.

३. बारावीला ग्रुप कमी पडलाय. ३०० पैकी १४१ आहेत.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. राखीव गटांना ४० टक्के, म्हणजे १२०. खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ टक्के. नीटला कितीही मार्क पडले तरी हा ग्रुप नसेल तर जागा मिळत नाही. राज्य मंडळाची श्रेणीसुधार संधी बारावीनंतरच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते, दहा-बारा वर्षांनी ती राहत नाही. मग मुक्त विद्यालयातून पुन्हा बारावी हाच रस्ता. आधी हे तपासा, क्लासची फी नंतर भरा. मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गुणपत्रिका कपाटातून काढलेलीही नसते.

४. इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. झालेलं असताना परत एमबीबीएस करता येतं?

येतं. आधीची पदवी आड येत नाही, फायदाही देत नाही. शिष्यवृत्तीत मात्र एक खाच आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

५. मी बीएएमएस (किंवा नर्सिंग, फार्मसी) केलंय. थेट दुसऱ्या वर्षाला घेतात का?

नाही. एमबीबीएसला मधून प्रवेश नसतो. नीट द्यायची आणि पहिल्या वर्षापासून बसायचं. ॲनाटॉमी एकदा शिकलेली असते, एवढाच काय तो दिलासा.

६. पेपर कसा असतो? मराठीतून देता येतो का?

१८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. २०२१ ते २०२४ मध्ये पर्यायी प्रश्न होते, आणि २०२२ पासून वीस मिनिटंही जास्त होती. २०२५ पासून ती सोय गेली, त्यामुळे जुन्या व्हिडिओतला वेळेचा हिशेब पाठ करू नका.

मराठी प्रश्नपत्रिका मिळते. तिच्यात इंग्रजीही छापलेलं असतं, आणि दोहोंत फरक पडला तर इंग्रजी खरं धरतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी मराठी घ्यायला हरकत नाही, पण पुढे एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीच असतात, म्हणून अभ्यास करतानाच संज्ञा इंग्रजीतून डोक्यात बसवाव्यात.

आणि एक सोलापुरी सूचना. परीक्षा मे महिन्यात, रविवारी, दुपारी दोन ते पाच. सोलापुरातली मे महिन्याची दुपार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आपण नोकरीवाले पहाटे पाचला उठून सराव पेपर सोडवतो आणि खऱ्या पेपरला अडीच वाजता पेंगतो. शेवटचे दोन महिने दर रविवारी बरोबर दोनला, जेवण झाल्यावर, पंख्याखाली पेपर सोडवा. (माझी दुसरी परीक्षा कोविडमुळे १३ सप्टेंबरला झाली, तोंडाला मास्क लावून. ऊन वाचलं, घाम नाही वाचला.)

७. नोकरी सोडून अभ्यास करू का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रयत्नाला सोडू नका.

पहिला प्रयत्न हा अंदाजासाठी असतो. शाळेतलं फिजिक्स किती उरलंय, रोज किती वेळ खुर्चीवर बसवतं, आकृत्या लक्षात राहतात का, हे नोकरी करता करताच कळतं. मी सकाळी साडेचार ते सात बायोलॉजी करायचे आणि कंपनीच्या बसमध्ये केमिस्ट्रीच्या चिठ्ठ्या काढायचे. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायचा, शेंगाचटणी-भाकरी एका हातात आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. रात्री काही होत नसे, ते मी लवकर मान्य केलं. पहिल्या वर्षी बायोलॉजी बरी गेली, फिजिक्सनं मारलं. इंजिनिअरला फिजिक्स सोपं जाईल असं सगळ्यांना वाटतं. इंजिनिअर कागदावर सविस्तर सोडवतो, इथं एका मिनिटात पर्याय निवडायचा असतो. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं.

दुसऱ्या प्रयत्नाला शेवटचे पाच महिने नोकरी सोडली. त्याआधी तीन आकडे कागदावर लिहिले होते: घर किती महिने चालेल, सराव पेपरला किती मार्क येताहेत, आणि किती तारखेला थांबायचं. तिसरा आकडा घरच्यांसमोर लिहा. मर्यादा सरकारनं काढली म्हणून आपणही काढायची नसते. सहाव्या-सातव्या प्रयत्नात अडकलेली चाळिशीतली माणसं मी पाहिलीयत. त्यांचं वय अजून साथ देत होतं, पण घरातली बोलणी थांबली होती.

८. सोलापुरात राहून तयारी होते का, की लातूरला जावं?

लातूरचं वातावरण खरंच वेगळं आहे, पण ते सतरा-अठराच्या पोरांसाठी बांधलेलं आहे: दिवसभर क्लास, रात्री खोलीवर. तुमचं वय, घर, पगार त्या साच्यात बसत नाही. मला सोलापूरच सोयीचं पडलं. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं, मागच्या वर्षांचे पेपर, आठवड्याला एक सराव परीक्षा. बायोलॉजीसाठी तर एनसीईआरटीची ओळन् ओळ. एखाद्या विषयाचीच शिकवणी लावायची असेल तर ती फिजिक्सची लावा.

पुतण्याच्या जुन्या नोट्स घेणार असाल तर थांबा. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदललाय, बरेच धडे गळलेत. आधी आयोगाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून त्या नोट्सवर काट मारा.

९. दहावी विजयपूरला केली, बारावी सोलापूरला. महाराष्ट्राच्या कोट्यात बसतो का?

सीमेवरच्या जिल्ह्यातला खास प्रश्न. इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडे शिकून इकडे आलेले कितीतरी जण आहेत. सरकारी जागांपैकी ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत (राज्यातले प्रवेश करणारं सरकारी कार्यालय) भरतात, आणि त्यासाठी सर्वसाधारण नियम असा की अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच हव्यात. घर चार पिढ्या अक्कलकोटला असलं तरी दहावीचं प्रमाणपत्र कर्नाटकाचं असेल तर अडतं. सरकारी नोकरांच्या बदलीमुळे बाहेर शिकलेल्या मुलांना आणि वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना वेगळ्या तरतुदी आहेत. त्यांच्या अटी पुस्तिकेत शब्दशः वाचा.

उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या. तिथं अधिवासाची अट नाही, पण स्पर्धा देशाशी.

१०. मार्क किती लागतात? आणि सोलापुरातच जागा मिळेल का?

मार्कांचा आकडा विचारू नका, रँक विचारा. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. पेपर अवघड गेला की सगळा तक्ता खाली सरकतो.

'नीट पास' आणि 'जागा मिळाली' यांत मोठं अंतर आहे. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे, असलं की पात्र, २०२५ ला ते १४४ मार्कांवर होतं. त्या वर्षी २२ लाखांवर लोक बसले, १२ लाखांवर पात्र ठरले, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. पात्र झाल्याचे पेढे वाटायच्या आधी हे घरात समजावून सांगा.

सोलापुरात दोन कॉलेजं. एक सरकारी, १९६३ पासूनचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपल्या बोलण्यात 'सिव्हिल'चं. दुसरं खासगी, कुंभारीचं अश्विनी. घरी राहून शिकायला मिळालं तर उत्तमच, पण पसंतीक्रमात फक्त सोलापूर भरून हातची जागा घालवू नका. धाराशिव, लातूर, अंबाजोगाई, बारामती, मिरज ही सगळी शनिवार-रविवार घरी येण्याजोगी आहेत. २०२० पर्यंत ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, मराठवाड्याच्या जागा आपल्या बाजूच्यांना फार लाभत नसत. तो त्याच सप्टेंबरात रद्द झाला, म्हणून मी मराठवाड्यात लागले.

११. लग्नानंतर नाव बदललंय. कागदपत्रांत काय अडचण येते?

येते, आणि ती मी अंगावर घेतलीय. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जातवैधता माहेरच्या नावानं. अधिवासाचा दाखला लग्नानंतर काढलेला, सासरच्या नावानं. पडताळणीच्या टेबलावरच्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, या दोन बायका कोण?" विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोलापुरात कपाटात होतं आणि मुदत त्याच दिवशी साडेपाचला संपत होती. भाऊ ते घेऊन मोटरसायकलवर निघाला. पाच वाजून दहा मिनिटांनी पोचला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

तुम्ही हे करा: नीटचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानं भरा. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला शक्यतो दहावीच्या नावानंच काढा. शिक्षणात खंड असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो. जातवैधता नसेल तर अर्ज आज करा, निकाल लागल्यावर धावपळ करून ती मिळत नाही.

याच्याच पोटातला प्रश्न: नवऱ्याचं उत्पन्न धरतात का? नॉन-क्रिमीलेअरला क्रिमीलेअरची कसोटी आईवडिलांच्या स्थितीवरून ठरते, नवऱ्याच्या पगारावरून नाही. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) उलट: तिथं कुटुंबात आईवडील, जोडीदार, अठराखालची भावंडं आणि मुलं सगळे येतात, आणि मर्यादा आठ लाखांची. सेतू केंद्रात या दोहोंची गल्लत सर्रास होते.

१२. खर्च किती? कर्ज मिळतं का या वयात?

सरकारी कॉलेजात खुल्या गटाची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. खासगीत शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी ठरवतं, ती कितीतरी लाखांत जाते, आणि संस्थेच्या कोट्यातली त्याच्याही पट. माझं खासगी मत: वयाच्या पस्तिशीत घर गहाण टाकून संस्थेच्या कोट्यात जाऊ नका. अठरा वर्षांच्या पोराकडे ते फेडायला चाळीस वर्षं असतात.

फीपेक्षा मोठा खर्च बुडालेल्या पगाराचा. साडेपाच वर्षांचा पगार गुणून बघा, मग बोला.

जुलै २०२४ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांखाली असेल तर, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत मात्र ती खाच आहे: एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून दुसऱ्याला गेलात तर ती मिळत नाही. इंजिनिअर आणि बी.एड. झालेल्यांनी यावर विसंबून गणित मांडू नये.

शैक्षणिक कर्ज मिळतं, बँक तारण आणि सहकर्जदार बघते. व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट आहे, पण जुन्या करपद्धतीतच. जोडीदाराच्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्जही त्यात बसतं.

१३. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची मुलं. कसं निभतं?

पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या रखवालदारानं मला मुलीला सोडायला आलेली पालक समजून गेटबाहेर बसायला सांगितलं. आठवड्यात सगळ्या मुली 'ताई' म्हणायला लागल्या, महिन्यात रडायला माझ्या खोलीत यायला लागल्या.

अवघड होतं ते पाठांतर. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी येत असताना शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी एकदा वाचून हाताच्या नसा घडाघडा सांगायची. मला त्याच नसा चार वेळा काढाव्या लागायच्या, वहीत आणि स्वतःच्या दंडावर पेननं. शिकवणारे काही माझ्याहून लहान. त्यांनाच जास्त संकोच वाटायचा.

वॉर्डात पारडं फिरलं. कोयता लागून आलेली एक ऊसतोड करणारी बाई टाके घालू देईना. मुलं तिला टाके का जरुरीचे ते समजावत होती. मी तिला विचारलं, खोपीवर लेकराजवळ कोण आहे? कुणीच नव्हतं. मुकादमाला फोन लावून दिला, मग तिनं हात पुढे केला. हे मला कारखान्याच्या शॉपफ्लोअरनं शिकवलं होतं.

१४. एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पुण्याला जाता येईल का?

नाही. तिथं वयाची चोविसाची अट आहे आणि उमेदवार अविवाहित लागतो. प्रश्न १ मधला अपवाद तो हाच.

१५. मूल लहान आहे. हजेरीत सवलत, संध्याकाळचं कॉलेज असं काही?

संध्याकाळचं किंवा दूरस्थ एमबीबीएस नाही. कुणी विकत असेल तर पळा. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम संपवावा लागतो. त्यामुळे बाळंतपणासाठी एखादी बॅच मागे पडली तर सगळं बुडत नाही, पण पहिल्या वर्षात शक्यतो टाळा.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सासूबाईंनी सांभाळली. मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं यायचे, रविवारी जायचे. सासूबाईंना आधी विचारलं होतं, गृहीत धरलं नव्हतं, हा फरक त्या अजून चारचौघांत सांगतात.

१६. डॉक्टर होईपर्यंत किती वय होईल? मग पीजी, सरकारी नोकरी?

साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. ३३ ला लागलात तर साडेअडतीस. राज्यातल्या सरकारी कॉलेजातून निघालात तर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड. पीजीला वयाची अट नाही, तीन वर्षं धरा, मध्ये नीट-पीजीचा अभ्यास धरा. म्हणजे स्पेशालिस्ट व्हायला त्रेचाळीस-चव्वेचाळीस.

नोकरीचं वेगळं. यूपीएससीच्या वैद्यकीय सेवा परीक्षेला साधारण ३२ ची मर्यादा आहे, ती आपल्याला संपलीच. राज्य सेवेत सर्वसाधारण मर्यादा खुल्याला ३८, राखीवला ४३, पण वैद्यकीय पदांच्या जाहिरातीत वेगळी असू शकते, जाहिरात पाहूनच बोला. स्वतःचा दवाखाना टाकायला मात्र वय विचारत नाहीत.

१७. मार्क कमी पडले तर परदेशात जाऊ का?

नीट पात्रता त्यालाही लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिकडे एकाच संस्थेत किमान ५४ महिने इंग्रजीतून शिक्षण, तिथंच १२ महिने इंटर्नशिप, मग इथं येऊन परवाना परीक्षा, आणि पुन्हा इथं १२ महिने इंटर्नशिप. पस्तिशीत निघालेल्या माणसाला हा फेरा फार लांब पडतो. घर सोडून सहा वर्षं राहता येणार असेल आणि पैसे उसने नसतील, तरच.

१८. एमबीबीएस नाही, पण बीएएमएस-बीएचएमएसची जागा मिळतेय. घेऊ?

या जागाही नीटमधूनच, राज्यात फिजिओथेरपीसुद्धा. आयुर्वेदात खरी गोडी असेल तर जरूर घ्या. 'नंतर एमबीबीएसला वळू' या हिशेबानं घेणार असाल तर प्रश्न ५ परत वाचा.

१९. वडील ५८ चे आहेत, पुढच्या वर्षी रेल्वेतून निवृत्त होताहेत. बारावी सायन्स आहे. नीट देतो म्हणतात. हसावं की काय करावं?

हसू नका. २०२० मध्ये ओडिशात ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं नीट देऊन बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. नियम वडिलांच्या बाजूनं आहे. त्यांची बारावीची गुणपत्रिका काढा, ग्रुप मोजा (प्रश्न ३), आणि येत्या रविवारी दुपारी दोनला त्यांना मागच्या वर्षीचा पेपर देऊन घड्याळ लावा. पाचला कळेल. चहा तुम्ही करा.